हात नसलेली चिनीमातीची लक्ष्मी

मी फुटलेली चिनीमाती जोडते. घरातल्या कपबशा नाही, संग्रहालयांतल्या शोभेच्या वस्तू. फुलदाण्या, थाळ्या, बाहुल्या, कधी एखादा घोडा, ज्याचा पाय कोणाच्या तरी हातून गेलेला असतो. आमच्या तालुक्याच्या गावात, लाखांदुरात, हे सांगितलं की माणूस विचारतो, "म्हणजे गोंद लावता का मॅडम?" आधी मला राग यायचा. आमच्या खानदानात पहिली पदवी माझी, रसायनशास्त्राची. त्यावर परराज्यात जाऊन वस्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतलं, मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात कंत्राटावर काम केलं. एवढं करून "गोंद लावते" ऐकायचं म्हणजे काय. पण खरं सांगायचं तर गोंदच लावते. फक्त कोणता, किती, आणि आधी कोणत्या तुकड्याला, हे शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली.

कंत्राट संपलं तेव्हा शहरात थांबावं असं काही उरलं नव्हतं. बाबा वारले होते. गावी, दिघोरीच्या घरात, आई एकटी होती आणि धानाची शेती दुसऱ्याला ठेक्याने दिलेली होती. मी लाखांदुरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत घर बांधलं, स्वतःच्या कमाईचं, आणि आईला घेऊन आले. पुढची खोली कामाची, मागच्या दोन राहायच्या. कामाच्या खोलीत एसी आहे, मोठा दिवा आहे, भिंग आहे. एसी माझ्यासाठी नाही. पावसाळ्यात आमच्याकडची हवा धानाच्या बांधीतल्या मातीइतकी ओली असते आणि गोंद आठ-आठ दिवस नीट सुकत नाही. आईला हे कधी पटलं नाही. "मानसाले पंखा अन् गोंदाले एसी," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

काम करताना मी तोंडाला मास्क लावते, कारण ज्या रसायनाने जुना गोंद सुटतो ते, म्हणजे ॲसिटोन, छातीत जातं. आई दारात उभी राहून बघायची. "बैलाच्या तोंडाले मुस्कं बांधल्यावानी दिसतं तू," म्हणायची. मी मान हलवून हसायचे. जोडलेला तुकडा सुकेपर्यंत हलू नये म्हणून तो रेतीच्या ट्रेमध्ये रोवून ठेवावा लागतो. त्यावरही तिचं मत होतं.

"रेती कायले विकत आनली? घरी धान आहे ना."

"धानाला कीड लागते आई. कीड वस्तूत जाते."

"माया धानाले नाही लागत."

असे आमचे दिवस चालले होते. दोघींना एकमेकींची सवय झाली आहे, असं मला वाटत होतं.

गणपती उठल्यावर एका संग्रहालयाची पांढरी गाडी आली. बरोबरच्या माणसाने लाकडी पेटी लेकरासारखी उचलून आत आणली. आईने त्याला आणि ड्रायव्हरला चहा केला, वर पोहे केले. माझ्याकडे सरकारी गाडी येते याचं तिला फार अप्रूप. गाडी गेल्यावर मी पेटी उघडली. मऊ कागदातून पहिला तुकडा काढला आणि तळहातावर ठेवला. ते डोकं होतं. मुकुट, गुलाबी गाल, बारीक ओठ, मडमेसारखं सरळ नाक.

आई कप गोळा करायला आली होती. ती दारातच थांबली.

"हे कोन व्हय?"

"लक्ष्मी."

"फुटली?"

"कपाटातून काढताना पडली म्हणतात."

"अन् तू घरात आनली."

खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. देव तडकला, बोट गेलं, नाक गेलं, की त्याला नमस्कार करायचा आणि तलावात सोडायचं. पाणी नसेल तर तलावाच्या बांधावर, पाळीवरच्या झाडाखाली ठेवून यायचं. मागे वळून बघायचं नाही. दिघोरीच्या तलावाच्या पाळीवर असे कितीतरी देव मी लहानपणी बघितलेत, कोणाचा हात नाही, कोणाची सोंड नाही. आम्ही पोरं त्या झाडाखाली खेळत नसू.

मी आईला समजावलं, आणि मला वाटतं जरा मास्तरणीसारखंच समजावलं. ही देवघरातली नाही. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात भट्टीत भाजली, जहाजातून इकडे आली. तिकडचे कारखाने आपले देव करून आपल्याला विकायचे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ठेवायला. हिची कोणी प्राणप्रतिष्ठा केलेली नाही. ही शोकेसची वस्तू आहे, जशी फुलदाणी.

"तुले कोनं सांगतलं?"

"संग्रहालयाने."

"मुजियमले काय मालूम." तिने कप उचलले. मग परत विचारलं, "हात कुठं आहे तिचा?"

मी तोवर सगळे तुकडे मांडले होते. चार हातांतला उजवा पुढचा हात मनगटापासून नव्हता. तो आत्ता पडून तुटला नव्हता, फार आधीचा होता. तिथली कड काळवंडलेली होती. मी म्हटलं, नाही, सापडला नाही.

"मंग बसवून दे. तेच तं करतं ना तू."

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. जे होतं ते जोडायचं, जे नव्हतं ते मनाने घडवायचं नाही. तो हात आशीर्वाद देत होता, की मोहरा सोडत होता, की त्यात काही धरलेलं होतं, हे सांगणारा एक फोटो असता तरी मी तो केला असता. फोटो नव्हता. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात नको, कड फक्त स्वच्छ करा. मी हे आईला सांगितलं.

"लक्ष्मीचा हात कसा असते हे अंगनवाडीतलं पोट्टं सांगन," ती म्हणाली. "तुयी डिग्री काय कामाची मंग?"

मी तुकड्यांवर कागद झाकला. बोलले असते तर वाढलं असतं. जेवताना तिने शांतपणे सांगितलं, "मी एकोडीले जातो. तिले हात बसला, नाही तं ते गेली, का मले सांगजो. येतो मंग. दिवाळीच्या तोंडावर खंडित लक्ष्मी असलेल्या घरी मी नाही राहत."

एकोडीला माझी मोठी बहीण दिली आहे. सकाळी मी आईला स्टँडवर सोडलं. एकोडीच्या वाटेची, साकोलीची बस लागली होती. खिडकीतून ती म्हणाली, "भात मोजून टाकत जा. एकटीचा अंदाज येत नाही लवकर." बस निघेपर्यंत मी उभी होते. मला खात्री होती की आठवडाभरात ती कंटाळून परत येईल.

चिनीमाती जोडताना पहिले कितीतरी दिवस गोंद उघडायचाच नसतो. आधी तुकडे कोरडेच लावून बघायचे, चिकटपट्टीने धरून. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा बसत नाही. जागा त्याचीच असते, पण शेजाऱ्यांनी वाट बंद केलेली असते. मग सगळं सोडवून पहिल्यापासून. मी रोज सकाळी बसायचे आणि लक्ष्मीच्या कमरेचे तुकडे फिरवत राहायचे. दुपारी कधीतरी लक्षात यायचं की आपण आज तोंडातून शब्द काढलेला नाही. दूधवाला संध्याकाळी हाक मारायचा तेव्हा पहिला शब्द घशात अडकायचा. "तब्येत बरी नाही का ताई?" तो विचारायचा.

आधीही मी अशीच दिवसभर गप्प असायचे. फरक एवढाच की दारात कोणी तरी उभं राहून बडबडायचं.

संध्याकाळी ताईचा फोन यायचा. ती तिच्या सासूचं, नातवाचं सांगायची, आणि शेवटी आईला द्यायची.

"बसला का हात?"

"नाही आई. बसणार नाहीये."

"बरं."

एवढंच. मागे टीव्ही चालू असायचा आणि कोणी तरी तिला "आजी" म्हणून ओढत असायचं.

शेजारच्या काकू पूर्वी दिवसातून दोनदा यायच्या, साखर मागायला नाही तर सुनेची तक्रार करायला. त्यांचंही येणं बंद झालं. आई जाताना त्यांना सांगून गेली होती. मी फाटकाशी दिसले की त्या बाहेरूनच बोलायच्या.

"आहे का अजून ते?"

"आहे."

"आमची सून दोन जिवांची आहे ना, म्हणून येत नाही बाई. राग नको मानू."

राग कशाला मानू. पण मी आत येऊन आरशात बघितलं एकदा, उगाच.

एक दिवस मी चूक करता करता राहिले. मनात आलं की डाव्या हाताचा साचा घ्यावा, त्यावरून उजवा मेणाचा करावा, रंगवावा आणि मनगटाला नुसता टेकवून ठेवावा. दिवसाभराचं काम. ताईला फोन करावा, हात बसला म्हणून सांगावं. आई येईल, बघेल, हात जोडेल. मग मी तो काढून घेईन. मनगटावर ओरखडाही उठणार नाही, संग्रहालयाला कळणारही नाही. साच्याचा मसाला मी मळायलाही घेतला होता. तसाच डब्यात परत टाकला. जुन्या वस्तूंचे दलाल गिऱ्हाईकाला असेच हात-पाय बसवून विकतात, आणि भिंगाखाली ते पकडायचंही माझं काम आहे. आईला मी गिऱ्हाईक करणार नव्हते. ती आली तर खरं बघून येईल, नाही तर नाही. असं मी ठरवलं, आणि ठरवल्यावर घर आणखी मोठं वाटायला लागलं.

दिवाळीला मला एकोडीला जाता येईना. वस्तूला रात्री एकटं सोडायचं नाही, अशी विम्याची अट असते. तिला घेऊनही जाता येत नाही, आणि नेली असती तर ताईच्या सासूने मला पाटावर नाही, दारातूनच परतीच्या गाडीत बसवलं असतं. लक्ष्मीपूजनाला स्वयंपाकघरात आईच्या पूजेतली लक्ष्मीची तसबीर आहे, तिला हार घातला, बत्तासे ठेवले. पुढच्या खोलीत दुसरी लक्ष्मी रेतीत कमरेपर्यंत रुतून उभी होती, डोकं अजून बाजूला. दोघींपैकी कोणाला पुजलं की कोणाचा अपमान होतो, याचा मी फार विचार केला नाही. काकूंनी फाटकावरून चिवड्याचं ताट दिलं आणि रिकामं ताट उद्या दे म्हणाल्या, म्हणजे आज आत यावं लागू नये.

दिवाळीनंतर पायांचं काम घेतलं. तिथे जुना गोंद होता, पिवळा पडलेला, गुळाच्या पाकासारखा. कोणे काळी ती घोट्यातून तुटली होती आणि कोणी तरी घरच्या घरी जोडली होती. हाताने, घाईने, थोडी वाकडी. असा गोंद काढून मगच नवा लावायचा असतो. मी काडीला कापूस गुंडाळला, ॲसिटोनमध्ये बुडवला आणि बोटांच्या फटीत फिरवला. कापूस गुलाबी झाला.

मी हात थांबवला. लक्ष्मीच्या वस्त्राचा रंग झिलईखाली भाजलेला होता, तो सुटू शकत नव्हता. मी भिंग ओढलं. गोंदाच्या वर लाल कण बसलेले होते, एकावर एक, थर धरलेले. फटीत पिवळेही होते. चिनीमाती काही पीत नाही, पाणीसुद्धा नाही. पण तो जुना गोंद वर्षानुवर्षं चिकट राहिला होता आणि त्याने सगळं धरून ठेवलं होतं. हळद आणि कुंकू. गोंदाच्या खाली एक कणही नव्हता, सगळं वर होतं. म्हणजे आधी ती फुटली, मग कोणी तरी जोडली, आणि मग पुजली. फुटल्यानंतर पुजली. एकदा नाही, पुष्कळदा.

मी अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, हात लावू नका. फोटो घ्या. पायाजवळचं आहे तसंच राहू द्या, जोड दुसरीकडून भक्कम करता येईल का बघा." त्यांचा आवाज आनंदलेला होता. ही वस्तू पूजेत होती हे त्यांना माहीतच नव्हतं.

मलाही आनंद झाला होता, पण माझा वेगळा. मला वाटलं, आता आईला सांगायला पुरावा मिळाला. फुटलेली लक्ष्मी कोणी तरी घरात ठेवली, जोडली, रोज हळदकुंकू वाहिलं. म्हणजे ठेवता येते. मी संध्याकाळची वाट न बघता ताईला फोन लावला आणि आईला द्यायला सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं.

"म्हनजे पूजेचीच निघाली," आई म्हणाली. "मी म्हनलं होतं."

"हो. पण फुटल्यावर पूजा केली ना त्यांनी. फेकली नाही."

"कुठं लागलं आहे कुंकू?"

"पायाला."

"कपायाले?"

"कपाळ गुळगुळीत आहे, पुसलं गेलं असेल. पायाच्या फटीत राहिलं."

"अन् हात तवाही नव्हता?"

"नसावा. ती कडही जुनीच आहे."

मागे टीव्ही चालू होता, तो कोणी तरी बंद केला.

"एकटी बाई असन ते," ती म्हणाली. "घरात चार मानसं असती तं कोनी ना कोनी म्हनलं असतं, टाक ते तलावात. तिले म्हननारं कोनी नसन."

मी फोन कानाला लावून उभी राहिले.

"दिवा लावतं का तिच्यापाशी?" आईने विचारलं.

"ॲसिटोन आहे तिथे आई. घर पेटेल."

"मंग ओसरीत लाव. कुंकू लागलेली आहे ते, अंधारात नको ठेवू."

मी ओसरीत पणती लावू लागले, दिवेलागणीला, लक्ष्मी जाईपर्यंत रोज. पहिल्या दिवशी काकूंनी फाटकातून उजेड बघितला आणि हाक मारली.

"आली का आई?"

"नाही काकू."

"मंग दिवा कोनं लावला?"

"मीच."

"असं का," म्हणाल्या आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं आत येतील. नाही आल्या.

डोकं बसलं तो दिवस साधाच होता. शेवटचा तुकडा आपल्या जागी गेला की बारीक टक असा आवाज येतो. त्या आवाजाला मी नेहमी वर बघते, कोणाला तरी दाखवायला. लक्ष्मी उभी राहिली, तीन हातांची, वाकड्या घोट्यांची, पायांत ते लाल तसंच. मनगटाची कड मी नुसती पुसून घेतली. आठवड्याने पांढरी गाडी आली, पेटी नीट बांधून घेतली आणि गेली. चहा मीच केला. पोहे करायचं मला सुचलं नाही.

एकोडीची मंडई त्याच आठवड्यात होती. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, रात्री तंबूत नाटक असतं, आणि ज्याच्या गावी मंडई त्याच्या घरी पाहुण्यांची रीघ. मी पहिल्या बसने निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं. निरोप फोनवर दिला नव्हता. मूर्ती गेली हे तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी आईला बरोबर आणायचं, असा माझा बेत होता.

ताईच्या गल्लीत वळले तेव्हा आधी हसणं ऐकू आलं. आई मोठ्याने हसत होती, धाप लागेपर्यंत. मी कुडाच्या कुंपणाशी थांबले. आवारात पाच-सहा बाया वड्यांचं पीठ घेऊन बसल्या होत्या आणि आई मधोमध बसून सांगत होती, लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला बाबा तिला नाटक दाखवायला घेऊन गेले आणि तंबूत दुसऱ्याच बाईजवळ जाऊन बसले, अंधारात तिलाच आई समजून गुपचूप शेंगा देत राहिले. मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. इतकी वर्षं ती माझ्या घरात राहिली, आणि ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

मला बघून ती म्हणाली, "आली का. बस. हात धू अन् वडे थाप, पाहुने येऊन राहिले."

"मूर्ती गेली आई."

"गेली? बरं झालं. नीट गेली ना?"

"नीट गेली."

"बरं झालं," ती परत म्हणाली आणि मला जागा करून द्यायला सरकली. शेजारच्या बाईने विचारलं, ही लहानी का, तेच का मुजियमवाली. आई म्हणाली, "हाव, तेच. फुटलेले देव जोडते." म्हणताना तिचा आवाज असा होता की मी मान खाली घालून वडे थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. आवारात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, दुपारची बस आहे, तुझी पिशवी भरू का.

आईने अंगण झाडायचं थांबवलं नाही. "तू जाय," ती म्हणाली. "तुयी कामं आहेत. घर चांगलं आहे तुयं, मी कोनाले नाव ठेवत नाही." चार हात झाडून झाल्यावर म्हणाली, "पुढच्या खेपेले येशील तं माई लोकरीची शाल आनजो. लोखंडी पेटीत आहे, तळाशी. अन् दोन जाड लुगडे. थंडी येऊन राहिली."

दोन लुगडी म्हणजे आठ-पंधरा दिवसांचं बोलणं नव्हतं. ते मला कळलं. तिलाही माहीत होतं की मला कळलं.

"आणते," मी म्हटलं. "पेटीला कुलूप आहे."

तिने झाडू भिंतीला टेकवला, पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातात दिली.